शाळेचा डबा: पहिल्यांदाच भरणाऱ्या पालकांसाठी

घरी मुलाला वाढताना आपण समोर बसलेले असतो. कमी पडले तर पुन्हा वाढतो, गार झाले तर गरम करून देतो आणि ताटात काही उरलेच तर ते का उरले हेही डोळ्यांना दिसते. डब्याच्या बाबतीत यातले काहीच हाती राहत नाही. सकाळी झाकण लावल्यापासून मधल्या सुट्टीत ते उघडेपर्यंत बहुधा चार ते पाच तास जातात आणि ते उघडणारे मूल आपल्या नजरेआड, मित्रांच्या गलक्यात, खेळायला पळण्याच्या घाईत असते. त्यामुळे डब्यात पौष्टिक काय द्यावे हा प्रश्न कितीही महत्त्वाचा असला, तरी तो क्रमाने दुसरा ठरतो. आपण देत आहोत ते मुलाला स्वतःच्या हाताने, मिळेल तेवढ्या वेळात आणि तोवर न बिघडता खाता येईल का, हा पहिला प्रश्न. जशीच्या तशी घरी परत आलेली पालेभाजी कितीही लोहयुक्त असली, तरी तिचा उपयोग शून्य.

पहिली पायरी: शाळेत चौकशी

डबा विकत घेण्याच्याही आधी शाळेत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जेवणाची सुट्टी किती वाजता आणि किती मिनिटांची असते, तिच्याखेरीज एखादी लहान सुट्टी असते का, मुले वर्गातच बाकावर जेवतात की वेगळ्या जागी, डबे थंड ठेवण्याची किंवा गरम करण्याची सोय आहे का, आणि कोणते पदार्थ आणायला मनाई आहे, एवढे कळले तरी निम्मे निर्णय सोपे होतात. वेळापत्रकात अर्ध्या तासाची दिसणारी सुट्टी प्रत्यक्षात रांगेत, हात धुण्यात आणि दप्तरातून डबा शोधण्यात बरीचशी निघून जाते. मूल जेवायला बसल्यानंतर त्याला किमान २० मिनिटे मिळावीत, अशी अमेरिकेतील रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राची शिफारस आहे. आपल्या मुलाच्या वाट्याला याहून कमी वेळ येत असेल, तर डब्याचा आकार आणि पदार्थांचे स्वरूप त्या वेळाला जुळवून घ्यावे लागते. सुट्टीच्या दिवशी घरी डबा भरून, घड्याळ लावून, मध्ये एकही शब्द न बोलता मुलाला तो खाऊ द्यावा. पंधरा मिनिटांत किती संपते हे पाहिल्यावर बहुतेक पालक आपला नेहमीचा अंदाज खाली आणतात.

मनाईच्या यादीकडे दुर्लक्ष करू नये. शेंगदाणे, बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे यांसारखे कवचधारी जलचर आणि तीळ या पदार्थांची ॲलर्जी सर्वाधिक आढळते आणि काही मुलांमध्ये अगदी अल्प अंशानेही जीवघेणी प्रतिक्रिया उमटू शकते. ज्या सुरीने शेंगदाण्याचे लोणी लावले, तीच नुसती पुसून दुसऱ्या पदार्थाला वापरली, तर तेवढा अंशही पुरेसा ठरतो. आपल्या मुलाला कशाचीही ॲलर्जी नसली, तरी डब्यातले वाटून खाण्यापूर्वी शिक्षकांना विचारायचे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. स्वतःच्या मुलाला ॲलर्जी असेल, तर ती शाळेला लेखी कळवावी आणि औषध कोणाकडे, कोठे ठेवले आहे याची खात्री करून घ्यावी.

दुसरी पायरी: डब्याची निवड

येथे स्वतःचाच एक अनुभव सांगतो. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस डबा अस्पर्श परत आला. पहिल्या दिवशी आम्ही चवीला दोष दिला, दुसऱ्या दिवशी पदार्थ बदलला, तिसऱ्या दिवशी मुलाला रागावलो. त्या संध्याकाळी त्याने हळूच सांगितले की झाकण उघडतच नाही आणि बाईंना सारखे सारखे विचारायची लाज वाटते. झाकणाला चारही बाजूंनी खटके होते आणि आत रबराची कडी होती. अन्न वाफाळते असतानाच आम्ही ते झाकण दाबून लावत होतो. आतली वाफ गार होऊन आकुंचन पावली की डब्यातला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते. मोठ्यांनाही ते उघडताना नखे लावावी लागतात, मग सहा वर्षांच्या बोटांची काय कथा.

म्हणून डबा निवडताना रंग आणि चित्रे मुलाला निवडू द्यावीत, पण दुकानातच तो रिकामा डबा त्याच्या हातात देऊन पाच वेळा उघडायला आणि पाच वेळा बंद करायला लावावा. बंद करणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण अर्धवट लागलेल्या झाकणातून परतीच्या वाटेवर वह्या भिजतात. स्टेनलेस स्टीलचा डबा टिकाऊ असतो, त्याला वास धरत नाही आणि त्यात गरम पदार्थ निर्धास्तपणे भरता येतो. प्लास्टिकचा डबा हलका असतो, पण तो अन्नासाठीच बनवलेला असावा, त्यात कढत पदार्थ ओतू नये आणि ओरखडे पडू लागले की तो बदलावा, कारण ओरखड्यांत अडकलेला अंश धुऊनही निघत नाही. कप्प्यांचा डबा लहान मुलांना विशेष आवडतो. एका पदार्थाचे पाणी दुसऱ्याला लागले म्हणून दोन्ही नाकारणारी मुले पुष्कळ असतात. आकाराच्या बाबतीत लहान डबा पूर्ण भरलेला बरा. मोठ्या डब्यात पदार्थ प्रवासात उलटेपालटे होतात आणि भरणाऱ्याला रिकामी जागा भरून काढण्याचा मोह होतो.

तिसरी पायरी: काय आणि किती

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी डबा डोळ्यांनी चार भागांत वाटून घ्यावा. दोन भाग भाज्या आणि फळांचे, एक भाग धान्याचा आणि एक भाग प्रथिनांचा, ही विभागणी हार्वर्ड विद्यापीठाच्या आहारतज्ज्ञांनी २०११ मध्ये मांडलेल्या आरोग्यदायी ताटाच्या आराखड्याशी जुळते. रोज चौकोन मोजत बसण्याची गरज नाही. आठवडाभराची सरासरी साधारण तेथे यावी, एवढेच पाहावे.

धान्याचा भाग म्हणजे भात, पोळी, पाव, पास्ता किंवा यांसारखा कोणताही पदार्थ. त्यात कोंड्यासह दळलेल्या किंवा पॉलिश न केलेल्या धान्याला पसंती द्यावी, कारण तंतुमय घटक आणि काही जीवनसत्त्वे मुख्यतः त्या बाहेरच्या थरात असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरात २ ते ५ वर्षांच्या मुलांना किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि त्यापुढे २५ ग्रॅम तंतुमय घटक मिळावेत. त्याच मार्गदर्शनात भाज्या व फळांचे रोजचे किमान प्रमाण या तीन वयोगटांसाठी अनुक्रमे २५०, ३५० आणि ४०० ग्रॅम सांगितले आहे. दुपारच्या जेवणाने याचा साधारण तिसरा हिस्सा उचलावा, असे धरले तर सात वर्षांच्या मुलाच्या डब्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भाजी-फळ यायला हवे. मध्यम आकाराचे एक गाजर आणि अर्धे सफरचंद मिळून ते भरते. आकडा ऐकताना वाटतो तेवढा तो मोठा नाही.

प्रथिनांविषयी पालक उगीच धास्तावलेले असतात. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी शिफारस केलेले प्रमाण दिवसाला १९ ग्रॅम, तर नऊ ते तेरा वर्षांसाठी ३४ ग्रॅम आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि अर्धा कप शिजलेल्या मसुरात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे लहान मुलाच्या डब्यात यांपैकी एकही पदार्थ असला की त्या जेवणापुरता प्रश्न सुटतो. लोह आणि कॅल्शियम यांच्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले, म्हणजे संत्र्याच्या दोन फोडी, टोमॅटो, सिमला मिरची किंवा वरून पिळलेले लिंबू असले, की शोषण बरेच सुधारते. कडधान्याशेजारच्या कप्प्यात आंबट फळ ठेवण्याची सवय लावून घेतल्यास हे गणित आपोआप जमते. कॅल्शियमसाठी दूध, दही, चीज किंवा कॅल्शियम मिसळलेले सोयादूध हे सोपे मार्ग आहेत, पण यांतले बहुतेक पदार्थ थंड राहायला हवेत आणि त्याची सोय नसेल तर ते डब्यात न देता सकाळी किंवा संध्याकाळी घरीच द्यावेत. प्रत्येक पोषक घटक डब्यातूनच पोचला पाहिजे असा अट्टहास करू नये.

साखरेच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. बाहेरून मिसळलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून येणारी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला सुमारे १,४०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम. फळांच्या रसाच्या २०० मिलिलिटरच्या एका खोक्यात सहज २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. रस घरी काढला म्हणून हा हिशेब बदलत नाही, कारण फळ पिळताना साखर रसात उतरते आणि तंतुमय भाग चोथ्यात राहतो. फळ अख्खे किंवा फोडी करून द्यावे आणि प्यायला साधे पाणी द्यावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अन्नातले धरून दिवसाला १.६ लिटर पाणी पुरेसे मानले आहे. त्यातला मोठा वाटा शाळेच्या तासांत येतो, तेव्हा बाटली पूर्ण भरून द्यावी आणि ती किती रिकामी आली हेही रोज पाहावे.

तयार पाकीटबंद खाऊ कधीतरी दिला तर आकाश कोसळत नाही, परंतु वेष्टन वाचायला शिकावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत साखर किंवा तेल असेल तर पुढचे ‘पौष्टिक’ शब्द वाचण्यात वेळ घालवू नये. मिठाऐवजी सोडियम छापलेले असेल, तर त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते आणि चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक लहान चमचा.

चौथी पायरी: दुपारपर्यंत अन्न सुरक्षित ठेवणे

नवख्यांच्या सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्या दिसत नाहीत, कारण बिघडू लागलेल्या अन्नाला दर वेळी वास येतोच असे नाही. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. याच कारणाने शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे आणि हवा ३२ अंशांपेक्षा अधिक तापलेली असेल तर ती मर्यादा एका तासावर येते. आता डब्याचा विचार करा: सात वाजता भरलेला डबा बारा वाजता उघडला जातो. म्हणजे ओलसर, प्रथिनयुक्त किंवा शिजवलेला पदार्थ एक तर नीट गरम राहिला पाहिजे किंवा नीट थंड राहिला पाहिजे. कोमट डबा हा सर्वांत वाईट पर्याय, आणि आपण सहज म्हणून जो भरतो तो बहुधा कोमटच असतो.

गरम द्यायचे असेल, तर तोंड रुंद असलेला थर्मास घ्यावा. त्यात आधी उकळते पाणी भरून झाकण लावावे आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे आतली भिंत तापते. न तापवलेल्या थर्मासात अन्नाची बरीचशी उष्णता भांडे तापवण्यातच जाते. तोवर दुसरीकडे पदार्थ वाफा येईपर्यंत गरम करावा, पाणी ओतून टाकून लगेच तो काठोकाठ भरावा आणि झाकण लावावे. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. शाळा सुरू होण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी याची परीक्षा घ्यावी: सकाळी सात वाजता भरून ठेवावा, दुपारी बारा वाजता उघडावा आणि स्वयंपाकघरातला तापमापक आत बुडवून पाहावा. पारा ६० अंशांच्या वर असेल तर तो थर्मास कामाचा. खाली असेल, तर त्यात फक्त पाणी द्यावे. उघडण्याची कसरत येथेही आहेच, त्यामुळे मुलाकडून तो उघडून घ्यावा आणि आतले अन्न जीभ भाजण्याइतके कढत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

थंड द्यायचे असेल, तर पदार्थ रात्रीच करून शीतकपाटात पूर्ण गार करावा, सकाळी थेट तेथून काढून डब्यात भरावा आणि उष्णतारोधक पिशवीत दोन बर्फाच्या पिशव्यांमध्ये डबा ठेवावा, एक खाली आणि एक वर. एकाच पिशवीने काम भागत नाही, कारण तिच्यापासून दूरची बाजू तापत राहते. रात्री पाण्याची लहान बाटली पाऊण भरून गोठवली, तर तीच बर्फाचे काम करते आणि दुपारपर्यंत वितळून प्यायलाही उपयोगी पडते. काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते आणि बाटली तडकते. दही, उकडलेले अंडे, मांस-मासे, चीज आणि कापलेली रसाळ फळे यांना हा थंडावा लागतोच. अख्खी फळे, सुका मेवा, भाजलेले दाणे, कोरडी बिस्किटे, पाव आणि कोरडी पोळी यांना लागत नाही. बर्फाची सोयच नसेल, तर डबा या दुसऱ्या गटातूनच भरावा.

भाताविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात बराच वेळ ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातील काही प्रकार उलट्या घडवणारे असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. रात्रीचा भात सकाळी खळखळून गरम केला म्हणजे सुरक्षित झाला, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. डब्यासाठी भात ठेवायचा असेल, तर शिजल्यावर पसरट ताटात पातळ थर करून तासाभरात गार करावा, लगेच शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफाळता गरम करून तापवलेल्या थर्मासात भरावा. एकदा गरम केलेला आणि डब्यातून परत आलेला भात पुन्हा वापरू नये.

या सगळ्याआधी हात. साबणाने २० सेकंद हात धुणे, फळे सोलण्यापूर्वीही वाहत्या पाण्याखाली धुणे आणि कच्चे मांस कापलेल्या पाटावर काकडी न कापणे, यांत नवीन काही नाही, परंतु सकाळच्या घाईत पहिला बळी यांचाच जातो.

पाचवी पायरी: कापणे, रचणे आणि ओल सांभाळणे

लहान मुले घासाएवढे खातात, म्हणून घासाएवढे कापावे. संत्रे अख्खे देण्याऐवजी सोलून फोडी सुट्या करून द्यावे. सोलण्यात सुट्टी संपते आणि चिकट बोटांचा कंटाळा येऊन फळ तसेच राहते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खी द्राक्षे, अख्खे दाणे, लाह्यांसारखे फुटलेले मक्याचे दाणे आणि कच्च्या गाजराचे जाड गोल काप देऊ नयेत, कारण ते घशात अडकून श्वास कोंडू शकतो. द्राक्षे उभी चिरून चार भाग करावीत, दाण्यांचे बारीक कूट करावे, गाजर किसून किंवा वाफवून द्यावे. आडवी चिरलेली द्राक्षे गोलच राहतात, हे सांगावे लागते, कारण सुरी हाताशी आडवीच येते.

चिरलेले सफरचंद तपकिरी पडते ते त्यातल्या एका विकराचा हवेशी संबंध आल्याने. ते खराब झालेले नसते, पण मुलाला तसे पटत नाही. फोडींना लिंबाचा रस चोळावा किंवा एक पेला पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून त्यात पाच मिनिटे बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, कोरड्या कराव्यात. दुसरी युक्ती मला अधिक आवडते: फळाच्या फोडी करून ते पुन्हा अख्ख्यासारखे जुळवायचे आणि भोवती रबर लावायचे. कापलेल्या बाजू एकमेकींना चिकटून राहिल्याने हवा कमी लागते आणि रबर काढताच फळ ‘उमलते’ याची मुलांना गंमत वाटते.

पाव लगदा होतो तो टोमॅटो-काकडीच्या पाण्याने. पावाला आतून लोण्याचा किंवा चीजचा पातळ थर लावला की ओल आत मुरत नाही. रसाळ भाज्यांच्या बिया काढून त्या फडक्यावर निथळाव्यात, किंवा सरळ वेगळ्या कप्प्यात द्याव्यात आणि मुलाला तेथे जोडून खाऊ द्यावे. पोळी किंवा तळलेला-भाजलेला पदार्थ वाफ निघून जाईपर्यंत उघडा ठेवावा आणि मगच झाकण लावावे, नाहीतर झाकणावर जमलेले थेंब खाली पडून तो मऊ, चिकट होतो. पानांची कोशिंबीर असेल तर तिच्यात मीठ आणि आंबट घालू नये, कारण मिठाने भाजी पाणी सोडते. ते लहान डबीत शेजारी ठेवावे.

सहावी पायरी: आवडनिवड

दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थ नाकारणे हा हट्टीपणा नसून वाढीतला एक सामान्य टप्पा असतो. एखादी भाजी मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. मात्र ही ओळख घरच्या जेवणात व्हावी. डब्यात पूर्णपणे नवीन पदार्थ कधीही मोठ्या प्रमाणात देऊ नये. दोन ओळखीचे, हमखास संपणारे पदार्थ आणि त्यांच्या जोडीला नव्याची एखादी फोड, असे प्रमाण ठेवावे. ती फोड परत आली तरी मूल उपाशी राहत नाही आणि आपलीही चिडचिड होत नाही.

काय द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. निवड मात्र मर्यादित चौकटीत मुलाला द्यावी. ‘आज डब्यात काय हवे?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘काकडी की गाजर?’ असे विचारले तर दोन्ही उत्तरे आपल्या सोयीची असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला फळे धुणे, कप्पे भरणे, बाटली भरणे ही कामे जमतात आणि स्वतः भरलेल्या डब्याशी त्याचे वागणे वेगळे असते. उग्र वासाचा किंवा हाताला रंग लावणारा पदार्थ घरी कितीही आवडत असला, तरी इतर मुलांनी नाक मुरडले की तो डब्यातून बाद होतो. यावर मुलाशी वाद घालण्यापेक्षा तो पदार्थ रात्रीच्या जेवणात ठेवावा.

सातवी पायरी: रोजची घडी

सकाळी विचार करावा लागला की डबा बिघडतो. रविवारी बसून पाच दिवसांची यादी करावी, पण ती पदार्थांची न करता गटांची करावी: सोमवारी भात आणि कडधान्य, मंगळवारी पाव आणि अंडे, असे. भाजी व फळ त्या दिवशी जे ताजे असेल ते. कडधान्ये रात्री भिजवणे, गाजर सोलून ओल्या फडक्यात ठेवणे, अंडी उकडून कवचासह शीतकपाटात ठेवणे, बर्फाच्या पिशव्या गोठवायला टाकणे आणि डबा, चमचा, हातरुमाल एकत्र काढून ठेवणे, ही रात्रीची वीस मिनिटांची कामे. सकाळी फक्त गरम करणे, चिरणे आणि भरणे उरते. पाचही दिवस वेगळे, सजवलेले डबे देण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. मुलांना तोच डबा आठवड्यातून दोनदा आला तर काही वाटत नाही. कंटाळा आपल्याला येतो.

आठवी पायरी: परत आलेला डबा

संध्याकाळी डबा उघडताना मुलाला समोर उभे करून उलटतपासणी घेऊ नये. काय उरले ते आधी स्वतः पाहावे. सगळेच थोडे थोडे उरले असेल, तर प्रमाण जास्त झाले किंवा वेळ कमी पडला. एकच पदार्थ अख्खा उरला असेल, तर तो घेता, चावता किंवा उघडता आला नसण्याची शक्यता नावडीइतकीच आहे. भाजी खाल्ली पण पाव तसाच आला, तर बहुधा तो भिजला होता. पहिले दोन आठवडे शीतकपाटाच्या दारावर कागद लावून रोज एक ओळ लिहावी: काय दिले, काय परत आले. दहा ओळी झाल्या की त्यात एखादी रीत दिसू लागते. आमच्या कागदावर दर गुरुवारी डबा अर्धा उरत होता आणि वेळापत्रक काढून पाहिले तेव्हा कळले की गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर लगेच खेळाचा तास असे. त्या दिवसापुरता डबा आम्ही लहान केला आणि घरी आल्यावर खायला काहीतरी तयार ठेवू लागलो.

उरलेले ओलसर अन्न त्या दिवशी कितीही चांगले दिसले, तरी टाकून द्यावे. डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा. झाकणातली रबराची कडी रोज बोथट चमच्याने उचलून वेगळी काढावी, कारण काळी बुरशी प्रथम तिच्याखालच्या खाचेत धरते आणि झाकण लावलेले असताना ती दिसत नाही. कडी, झाकण आणि डबा वेगवेगळे पालथे घालून रात्रभर कोरडे होऊ द्यावे आणि कडी सकाळी भरण्यापूर्वीच परत बसवावी.